उलटलेल्या गाईंची वही

डॉक्टर म्हणवून घ्यायला दर वेळी शिक्षणच लागतं असं नाही. खांद्यापर्यंतचा हातमोजा असला तरी भागतं. किटलीवाले काही डॉक्टर नव्हते. दूध संघात ते कृत्रिम रेतनाच्या कामावर होते. म्हणजे कुणाची गाय माजावर आली की निरोप यायचा, मग लगेच जायचं, चांगल्या वळूचं गोठवलेलं बीज तिच्या गर्भाशयात पोचवायचं आणि हात धुऊन पुढच्या गोठ्याची वाट धरायची. ते बीज ज्या भांड्यात ठेवतात ते दिसतं दुधाच्या मोठ्या किटलीसारखं. झाकण काढलं की आतून पांढरी वाफ उसळते. त्या वाफेला भिऊन पोरं पळायची आणि पळता पळता त्यांनीच हे नाव ठेवलं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं, की आमचे जावई डॉक्टर आहेत. पुढे एकदा त्यांनी जावयांना प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. त्या दिवसापासून त्या 'जावई दूध संघात असतात' एवढंच सांगू लागल्या.

बायकोनं मात्र कधी नाक मुरडलं नाही. तिची अट एकच होती, की मागच्या अंगणातल्या नळावर दोनदा साबण लावल्याशिवाय घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. एकतीस वर्षं त्यांनी ती अट पाळली. मुलगी झाली तेव्हा सुद्धा आधी नळावर गेले, मग पाळण्याशी.

त्यांच्या कामाची एक रीत होती. प्रत्येक गोठ्यात गाईच्या मागच्या खांबाला एक पिवळं कार्ड टांगलेलं असायचं. गाय कधी व्याली, कधी भरवली म्हणजे तिला बीज दिलं, कोणत्या वळूचं दिलं, सगळं त्यावर लिहायचं. भरवलेली गाय गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, तर ती 'उलटली' असं म्हणतात, आणि ती तारीखही कार्डावर चढते. तेच सगळं रेतन करणाऱ्याच्या वहीतही लिहायचं. गाय विकली की कार्ड तिच्याबरोबर जायचं. आता चार-पाच वेळा उलटलेल्या गाईचं कार्ड बघून कोण तिला घेणार? म्हणून विकण्याआधी कार्ड 'धुवायची' पद्धत पडली होती. धुवायचं म्हणजे काय, तर रेतनवाल्याला गोड बोलून कोरं कार्ड घ्यायचं आणि उलटल्याच्या तारखा गाळून नवं लिहून घ्यायचं. सगळेच धूत असत. रेतनवाल्यांचीही त्याला ना नव्हती, कारण गाय उलटली म्हणजे त्यांचाही हात कच्चा ठरायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा प्रेमाचा मामला होता.

किटलीवाल्यांनी आयुष्यात एकच कार्ड धुतलं. ती गोष्ट नोकरीच्या सातव्या वर्षीची.

त्यांची आई ते नऊ वर्षांचे असताना गेली. थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. स्वतःची शाळा सोडली आणि ह्यांची सोडू दिली नाही. अंगावरचे कपडे तिनं शिवलेले, पाढे तिनं पाठ करून घेतलेले, आणि दूध संघातल्या नोकरीचा अर्जही तिच्याच अक्षरात लिहिलेला. त्या बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली. दहा दिवसांत शहरातल्या दोन खोल्यांत जायचं होतं आणि दारात एक गाय उभी होती. दुधाला कशी, तर बादली भरून वर सांडेल अशी. पण दुसऱ्या वेताला ती सहाव्या खेपेस गाभण राहिली होती, आणि कार्ड ते ओरडून सांगत होतं. बघायला आलेले तिघे कार्ड वाचून पाण्याचा पेलाही न घेता निघून गेले.  बहीण एवढंच म्हणाली, की तुला जमत असलं तर बघ, नाहीतर राहू दे. आता ज्या माणसाला तिनं आयुष्यभर 'राहू दे' म्हणून स्वतःच्या ताटातलं वाढलं, तो काय राहू देणार? त्यांनी कोरं कार्ड काढलं, सहा तारखांच्या जागी एक तारीख लिहिली, त्याला जुळावं म्हणून आधीच्या वेताची तारीखही पुढे ढकलली, आणि खाली सही केली. वहीतल्या तारखा मात्र त्यांच्याच्यानं खोडवेनात. पेन घेऊन बसले होते. शेवटी वही मिटून ठेवली.

ती गाय घेतली शिवणवाल्या बाईंनी. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पदरात एक लेक, घरात एक शिलाई मशीन आणि मागे रिकामं छप्पर. जन्मात त्यांनी गाय पाळलेली नव्हती. कार्ड वाचून त्यांना वाटलं, ही आपल्यासारख्या नवशिक्या बाईला बरी, एका खेपेत गाभण राहणारी.

ती गाय त्यांच्याकडे आठ वेळा उलटायची होती.

दर एकवीस दिवसांनी निरोप यायचा आणि दर खेपेला किटलीवाले हातातलं काम टाकून धावायचे. इतरांकडे ते दुपारपर्यंत पोचत, शिवणवाल्या बाईंकडे अर्ध्या तासात. लोकांना वाटायचं, काय माणूस आहे, विधवा बाई म्हणून किती कळवळा. चोराच्या मनात चांदणं असतं ते लोकांना काय ठाऊक! त्यांनी बाईंना माज ओळखायला शिकवलं. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास गाईकडे नुसतं बघत उभं राहायचं, हातात दुसरं काही काम घ्यायचं नाही. कान कसे हलतात, वैरणीत तोंड किती वेळ राहतं, दुसरी गाय अंगावर आली तर ही सरकते की उभी राहते. बाई मन लावून शिकल्या. आणि तरी गाय उलटायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर बाई म्हणू लागल्या, की माझंच काहीतरी चुकतंय, जिथे होती तिथे एका खेपेत राहिली आणि माझ्याकडे येऊन अशी झाली, माझ्या हातालाच यश नाही. त्या एका वाक्याला 'नाही हो, तुमचं काही चुकत नाही' असं उत्तर किटलीवाल्यांनी दिलं. तेवढंच दिलं. 

नवव्या खेपेला गाय गाभण राहिली. कालवड झाली. त्या कालवडीला कालवडी झाल्या. दूध भरपूर देणारं आणि गाभण राहायला रडवणारं असं ते घराणं शिवणवाल्या बाईंच्या छपराखाली नांदायला लागलं. पहिली गाय गेली तेव्हा बाईंनी तिचं कार्ड फेकलं नाही, मशीनच्या खणात रिळांजवळ ठेवलं. कुणी आलं-गेलं की त्या ते काढून दाखवत आणि सांगत, की ही बघा माझी पहिली गाय, माझ्याकडे येऊन अडली, पण डॉक्टरांनी सोडली नाही. नऊ वेळा आले. ह्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. किटलीवाले समोर असले तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. लोक म्हणायचे, किती विनयशील आहेत.

त्यानंतर त्यांनी कुणाचंही कार्ड धुतलं नाही. सख्ख्या मेव्हण्याचं नाही आणि संघाच्या अध्यक्षांचं तर नाहीच. त्याची फळं त्यांना मिळाली. दर वर्षी संघाच्या बैठकीत एक तक्ता लागायचा, कोणत्या रेतनवाल्याच्या किती गाई पहिल्याच खेपेला गाभण राहिल्या त्याचा. त्यात किटलीवाले सगळ्यात खाली. बाकीचे उलटलेल्या गाई वहीतच घेत नसत, मग त्यांचे आकडे बाळसं धरलेले. साहेब म्हणायचे, अहो, तुमच्या हाताला झालंय काय? हे पुढच्या गोठ्याची वाट धरत. बढती तीनदा आली आणि तीनदा दुसऱ्या दारी गेली. बायकोला पहिल्या वेळी वाईट वाटलं, दुसऱ्या वेळी राग आला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, जाऊ दे, वरच्या पदाला हात धुवायला नळ कुठे असतो? आणि दोघं हसली. अशी बायको मिळणं ही बढतीच आहे असं किटलीवाले मनापासून मानत, आणि तिला तसं सांगतही असत.

निवृत्तीला चार महिने उरले असताना केसवाल्या मॅडम आल्या. हे नावही पोरांचंच. मॅडम दूरच्या संशोधन केंद्रातून आल्या होत्या आणि गाईंच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून, पाकिटात घालून, वर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहून नेत होत्या. संघाच्या सभागृहात त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं ते असं. आतापर्यंत कोणत्या वळूच्या लेकी लवकर गाभण राहतात हे कळायला पाच-सहा वर्षं जायची, कारण लेकी जन्मणार, वाढणार, भरवल्या जाणार, मग कळणार. शिवाय इतकी वर्षं सगळ्यांनी वळू निवडले ते दुधावर, आणि जास्त दूध देणाऱ्या कित्येक घराण्यांत गाभण राहण्याची ताकद मागे पडत गेली. आता केसाच्या मुळातल्या गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा वाचता येतात. जन्मलेल्या वासराच्या खुणा वाचायच्या आणि ज्या गाईंचा इतिहास ठाऊक आहे त्यांच्या खुणांशी ताडून बघायच्या. मग ही कालवड पुढे सहज गाभण राहील की रडवेल, ह्याचा अंदाज ती आईला लुचत असतानाच बांधता येतो. एकाच आईच्या, एकाच वळूच्या दोन सख्ख्या बहिणींतही फरक सांगता येतो, कारण आईबापांकडून दोघींच्या वाट्याला सारखंच येतं असं नाही.

मागून कुणीतरी विचारलं, मग घोडं अडलंय कुठे?

"इतिहासापाशी," मॅडम म्हणाल्या. "गाय गाभण राहणं शंभर गोष्टींवर असतं. चारा, ऊन, वेळ, हात. त्यात जन्मानं आलेला वाटा अगदी थोडा. तो शोधायला हजारो नोंदी लागतात, आणि त्या खऱ्या लागतात. दूध मोजायला यंत्र आहे. गाय उलटली हे माणूसच लिहितो, आणि माणूस लाजतो."

 जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

महिनाभर मॅडमनी बारा रेतनवाल्यांच्या वह्या तपासल्या. वासरांच्या जन्मतारखांशी ताडून बघितल्या. गाय मार्चमध्ये भरवली म्हणून वहीत लिहिलेलं आणि वासरू जूनच्या हिशेबानं जन्मलेलं, असं अकरा वह्यांत पानोपानी निघालं. बाराव्या माणसाच्या वह्यांत नाही. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या, चौदा हजारांच्या वर नोंदी, त्यातल्या जवळजवळ निम्म्या उलटलेल्या गाईंच्या. मॅडमनी किटलीवाल्यांना बोलावून घेतलं आणि त्या उभ्या राहिल्या. तोवर कोणतेही साहेब त्यांच्यासाठी उभे राहिलेले नव्हते. मॅडम म्हणाल्या, की ह्या वह्या घेता आल्या तर ह्या भागातल्या गाईंचा पाया तुमच्या नोंदींवर उभा राहील. फक्त एक पडताळणी बाकी आहे. चिठ्ठ्या टाकून दहा घरं काढायची आणि त्या घरांत असतील तेवढी सगळी कार्डं वहीशी ताडायची. एक जरी कार्ड जुळलं नाही आणि त्याचा उलगडा त्या गाईच्या मालकाकडून झाला नाही, तर त्या माणसाच्या सगळ्या वह्या बाजूला ठेवायच्या. नियम कडक आहे, पण त्याला इलाज नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. सातवी चिठ्ठी शिवणवाल्या बाईंची होती.

किटलीवाले घरी आले, नळावर हात धुतले, आणि तिसऱ्यांदा साबण लावू लागले तेव्हा बायकोनं ओळखलं. तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या बायकोपासून असलं काय लपतं? तिनं साधा उपाय सुचवला. त्या घरात तुम्हाला कुणी अडवत नाही, खण तुम्हाला माहीत आहे, कार्ड जुनं झालंय, नवीन करून देतो म्हणून मागून घ्या. स्वतःहून सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिचं चुकलं नव्हतं. नवऱ्याची एकतीस वर्षं तिनंही कोरड्या पावसाळ्यांतून आणि ओल्या हिवाळ्यांतून काढली होती. ती एका चिठोऱ्यापायी पाण्यात जावीत असं तिला का वाटावं?

दुसऱ्या दिवशी ते कार्ड मागायलाच गेले. शिवणवाल्या बाई मशीनवर पडदे शिवत होत्या. मागच्या छपरात एकाच आईच्या दोन कालवडी बांधलेल्या होत्या, एक गुटगुटीत आणि दुसरी जरा किरकोळ. जागा एकीपुरतीच होती. दुसरी विकायची होती, आणि कोणती ठेवायची ते केसांचा अहवाल आला की ठरवायचं, असं बाई आनंदानं सांगत होत्या. किटलीवाल्यांनी हवा कशी आहे ते विचारलं. वैरण विचारली. बाईंच्या नातीची शाळा विचारली. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी बाई स्वतःच म्हणाल्या, की मॅडम कार्ड बघायला येणार आहेत ना, मी आपल्या पहिल्या गाईचंही काढून ठेवलंय, तुम्ही किती केलंत ते त्यांनाही कळू दे. आणि त्यांनी खण उघडून ते पिवळं कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं.

ते कार्ड खिशात घालून निघता आलं असतं. हात पुढे झालाही होता.

"बाई, हे कार्ड खोटं आहे," किटलीवाले म्हणाले. "माझ्या बहिणीसाठी मी लिहिलं. ती गाय तिच्याकडे सहा वेळा भरवावी लागली होती. तुमचं काही चुकत नव्हतं."

मशीन थांबलं. बाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"आठ वेळा मी त्या गाईच्या गळ्यात पडून रडले. माझ्याच हाताला यश नाही म्हणून. तुम्ही समोर उभे होतात."

 होय, उभा होतो, एवढंच ते म्हणाले. बाईंनी कार्ड परत खणात ठेवलं, खण लावला आणि म्हणाल्या, की तुम्ही आता जा. त्यानंतर दहा दिवस निरोप आला नाही. मधे त्यांची एक गाय माजावर आली तर त्यांनी दुसऱ्या रेतनवाल्याला बोलावलं. ही बातमी किटलीवाल्यांना तिघांनी वेगवेगळी सांगितली, कारण असली बातमी पोचवायला लोकांना पाय फुटतात. बायकोनं मात्र एकदाही 'मी सांगितलं नव्हतं का' म्हटलं नाही. त्या दहा दिवसांत तिनं हे एक वाक्य तोंडात धरून ठेवलं, ह्याची किटलीवाल्यांना आजही अपूर्वाई वाटते.

पडताळणीच्या दिवशी सहा घरं सुरळीत झाली. सातव्या घरात मॅडम, संघाचे साहेब, वह्या उचलून आणणारा शिपाई आणि सगळ्यात मागे, उंबऱ्याबाहेरच चपला काढून, किटलीवाले. बाईंनी सगळी कार्डं मशीनवर मांडून ठेवलेली होती, पहिल्या गाईचं सगळ्यात वर. मॅडमनी वही उघडली, बोट तारखांवरून फिरवलं, एकदा, दोनदा, आणि चष्मा काढला.

गाय ह्या घरी येण्याआधीची कार्डावर एक खेप आणि वहीत सहा, त्या म्हणाल्या. ह्याचे दोन अर्थ होतात. एक तर कार्ड धुतलेलं आहे, नाहीतर वही फुगवलेली आहे. न केलेल्या खेपा लिहायच्या आणि ते बीज बाहेर विकायचं, असं दोन ठिकाणी सापडलेलं आहे. साहेबांनी लगेच मान हलवली. वर्षानुवर्षं तक्त्यात तळाला असणाऱ्या माणसाबद्दल त्यांना हा दुसरा अर्थ पटकन पटला. किटलीवाले पुढे होऊन म्हणाले, की कार्ड मीच धुतलं आहे. पण मॅडमनी मान हलवली. तुमचं म्हणणं चालणार नाही, वह्या तुमच्याच आहेत, तुम्ही असंच म्हणणार. तुमच्या बहिणीला विचारता येईल का? बहिणीला जाऊन चार वर्षं झाली होती, भावजी तिच्याही आधी गेले होते. मॅडमनी त्या सगळ्या वह्यांकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. वह्या बाजूला ठेवायच्या म्हणून शिपाई वाकला.

तेव्हा शिवणवाल्या बाई उठल्या. कोपऱ्यातल्या फळीवरून त्यांनी मापांची वही काढली, चोवीस वर्षांपूर्वीची, कडा झिजलेली. कुणाची छाती, कुणाची कंबर, कुणाच्या बाहीची लांबी, आणि त्या मापांच्या मधे मधे त्यांच्याच अक्षरात एकेक ओळ: गाय माजावर, डॉक्टर आले. एकवीस दिवस मोजायला सोपं जावं म्हणून त्या हाताशी असेल त्या वहीत लिहून ठेवत. त्यांनी ती उघडून मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

"बघा ताडून. नऊ वेळा आले, नऊ तारखा आहेत. पुढच्या सगळ्या वर्षांच्याही वह्या आहेत माझ्याकडे. एक जरी तारीख त्यांच्या वहीत चुकली असली तर सगळ्या फेका."

मॅडमनी ताडल्या. पहिली तारीख जुळली. दुसरी जुळली. एका कोटाच्या आणि दोन झग्यांच्या मापांमधून वाट काढत बोट नवव्या तारखेपर्यंत गेलं. मग त्यांनी आणखी वह्या मागितल्या आणि मधली मधली पानं काढून बघितली.  साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"माणूस खोटारडा आहे," बाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्याशी खोटं वागला आणि चोवीस वर्षं गप्प बसला. ते लिहा. कार्ड खोटं आहे आणि वही खरी आहे, तेही लिहा. दोन्ही लिहा, मी सही करते."

मॅडमनी दोन्ही लिहिलं. बाईंनी सही केली. शिपायानं वह्या उचलून गाडीत नेऊन ठेवल्या, पुढच्या बाजूला, केसांच्या पाकिटांशेजारी.

मंडळी आठव्या घराकडे निघाली तेव्हा किटलीवाले मागे थांबले.  डोळे भरून आले होते आणि हातरुमाल बायकोनं नेमका दुसऱ्या खिशात घातला होता. बाईंनीच आधी तोंड उघडलं. माझा राग गेलेला नाही, त्या म्हणाल्या, आणि हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही. दारात दोन कालवडी आहेत. तुमच्या वह्या गेल्या तर त्यांच्या केसांचं उत्तर मॅडम कशाशी ताडणार?

अहवाल पाच महिन्यांनी आला. तोवर किटलीवाले निवृत्त झाले होते. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या सचोटीवर वीस मिनिटं भाषण केलं आणि तक्त्याचा विषय काढला नाही. शिवणवाल्या बाईंनी अहवाल वाचायला मात्र किटलीवाल्यांनाच बोलावलं, 'येऊन जा' एवढ्याच निरोपावर. दूध दोघींना सारखंच भरपूर. पण गुटगुटीत कालवड घराण्याच्या वळणावर गेलेली, आणि किरकोळ दिसणारी सहज गाभण राहणाऱ्यांत. विकायची म्हणून बाईंच्या मनात जी होती तीच. मॅडमनी खाली हातानं लिहिलं होतं, की हा अंदाज आहे, भविष्य नव्हे. बाईंनी किरकोळ कालवड ठेवली. ती वयात आली तेव्हा दुसऱ्या खेपेला गाभण राहिली. त्या घराण्यात एवढ्या लवकर कुणी राहिलं नव्हतं. बाईंनी त्या दिवशी किटलीवाल्यांना आत बसवलं आणि पूर्वीसारख्या गप्पा मारल्या. राग जायला बरोबर दोन वर्षं लागली होती.

बायको कधी कधी विचारते, की त्या दिवशी चारचौघांत, साहेबांच्या देखत खोटारडा म्हणाल्या, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?

"वाटलं तर," किटलीवाले सांगतात. "चोवीस वर्षं त्या माझे उपकार मानत होत्या. मला एक दिवस सुखानं झोप नव्हती. त्या दिवशी शिवी दिली आणि मी घरी येऊन जेवून झोपलो. असे उपकार माझ्यावर फक्त दोघींनी केले, एक मला वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीनं आणि एक त्यांनी."